मोठा बगळा: हिवाळ्यात पिवळी चोच, आता काळी. पक्षी तोच का?

माळरानी

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून जवळच. गावच्या पाझर तलावावर पांढरे बगळे बाराही महिने असतात. त्यातला एक सगळ्यांत उंच, साधारण तीन फुटी, मान काढली की बाकीचे त्याच्यापुढे पोरं वाटतात. हिवाळाभर त्याची चोच हळदीसारखी पिवळी होती. मे संपता संपता बघतो तर त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच उंचीचा, पण चोच काळीकुट्ट. डोळ्यापुढची कातडी हिरवट निळी. पाठीवरून लांब झिरमिरीत पिसं शेपटीच्याही खाली लोंबतायत.

पारावर दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात काळी चोच म्हणजे लहान बगळा. काहीजण म्हणतात हा बाहेरून आलेला वेगळाच पक्षी. जाणकारांनी सांगा.

आणि एक मनातलं. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला गाड्या भरभरून लोक येतात, चांगलं आहे. पण होडीच्या वाटेत हा एवढा देखणा पक्षी उभा असला तर कॅमेरा खाली ठेवतात, "बगळाच आहे, चला पुढे". रोज दिसतो म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. या धाग्यावर निदान आपण तरी बघूया.

चकोर_सोलापूर

पायाची बोटं बघा. लहान बगळ्याची काळी चोच, काळे पाय आणि बोटं पिवळी. तुमच्या पक्ष्याची बोटंही काळी असतील तर पारावरचा निम्मा वाद तिथेच मिटला.

रानवाटा

माळरानी, वर्णनावरून मोठा बगळाच, आणि बहुधा तुमचा तोच. विणीच्या दिवसांत आपल्याकडच्या मोठ्या बगळ्याची चोच काळी होते, डोळ्यापुढची कातडी निळसर हिरवी होते आणि पायाच्या वरच्या भागावर, मांडीकडे, लालसर झाक येते. हा सगळा साज थोड्या दिवसांचा. घरट्यात पिलं येईस्तोवर चोच परत पिवळी पडायला लागते. म्हणजे रंगावर जाऊ नका, रंग वर्षातून दोनदा फसवतो.

लहान बगळ्याचा प्रश्न चकोर यांनी सोडवलाच. खरी गफलत मध्यम बगळ्याशी होते, कारण विणीच्या काळात त्याचीही चोच काळी होते. तिथे एकच खूण पक्की: जबड्याची रेघ. चोच जिथे मिटते ती रेघ मागे कुठवर जाते ते बघायचं. मध्यम बगळ्यात ती डोळ्याच्या खाली थांबते. मोठ्या बगळ्यात डोळा ओलांडून मागे जाते. साध्या दुर्बिणीतून, ऊन पाठीशी घेऊन बघितलं की स्पष्ट दिसते.

पिसांवरूनही कळतं. मध्यम बगळ्याला विणीत पाठीवर आणि छातीवर दोन्हीकडे झालर येते. मोठ्याला फक्त पाठीवर. लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात, ती या दोघांना नसतात. आणि मोठ्याच्या मानेला मध्येच एक कोन असतो, हाड मोडून नीट न बसल्यासारखा दिसतो. तो दोष नाही. मानेचा सहावा मणका लांब असतो आणि त्याच सांध्यावर ती मान घडी होऊन मिटते नि झटक्यात सुटते. मासा पकडण्याची सगळी करामत त्या कोनात आहे.

शर्वरी_क

काय सुंदर लिहिलंय! लहानपणी थवा डोक्यावरून गेला की आम्ही नखं वर करून "बगळ्या बगळ्या कवडी दे" ओरडायचो आणि दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका शोधायचो. तो कुठला बगळा हे कधी विचारलंच नाही.

रानवाटा

@शर्वरी_क, संध्याकाळी झाडाकडे परतणारे थवे बहुतेक गायबगळ्यांचे. कवडीचं श्रेय त्यांना द्या :)

भीमाकाठ

आमचं घरच मासेमारीचं, उजनीवर. या बगळ्याला आम्ही रोज बघतो, म्हणून दोन शब्द.

लोक म्हणतात बगळा ध्यान लावून बसतो. तसं नाही बघा. तो लय हळू चालतो. एक पाय उचलला की पाण्याचा थेंब पडायचा आवाज येणार नाही अशा बेतानं पुढं टाकतो. लहान बगळा पाय हलवून गाळ ढवळतो, पळापळ करतो. मोठा तसं करत नाही. त्याचे पाय लांब, त्यामुळं तो बाकीच्यांपेक्षा खोल पाण्यात उभा राहतो आणि वाट बघतो.

चिलापी घावली तर लगेच गिळत नाही. चिलापीच्या पाठीवर काटे असतात, आडवी गेली तर नरड्यात अडकंल. चोचीत धरून दोन तीनदा झटकतो, उलटीपालटी करतो, डोकं आत येईल अशी फिरवतो. डोक्याकडनं गिळली की काटे मागं झोपतात. मग मानेतनं तो फुगवटा खाली सरकताना दिसतो. त्यानंतर एक घोट पाणी पितो. मासा मोठा असला तर काठावर नेऊन आधी मारतो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, गाळपेर सुरू झाली, की डबक्यांत मासे अडकतात. तेव्हा हेच एकलकोंडे बगळे शेकड्यानं एका जागी दिसतात. पाणकावळ्यांचा थवा मासे हाकलत काठाकडं आला की हे आधीच तिथं रांगेत उभे. आणि त्यात भांडणं! मान ताठ, पिसं फुगवून एकमेकांच्या अंगावर जातात, घोगरा आवाज काढतात. शांत पक्षी म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

पंकज_वि

भीमाकाठ, एक सरळ प्रश्न, राग मानू नका. मच्छीमारांना हे बगळे नकोसे नसतात का? आमच्या शेततळ्यात मत्स्यबीज सोडलं होतं, बगळ्यांनी धुऊन नेलं.

भीमाकाठ

राग कसला. शेततळं बारकं, त्यात बोटाएवढं बीज उथळ कडेला येतं, तिथं बगळा बसणारच. सुरुवातीचे दिवस वरून जाळी ताणा, कड सरळ खोल ठेवा, त्याला उभं राहायला जागाच ठेवू नका. पण धरणाची गोष्ट वेगळी. तिथं मासा कमी होतो तो बारीक आसाच्या, म्हणजे बारक्या भोकांच्या जाळ्यांनी, त्यात पिल्लू मासळी निघून जाते. बगळा खाऊन खाऊन किती खाणार? त्याचं सगळं वजनच किलोच्या आसपास.

खाडीकिनारा

ठाणे खाडीवरून एक भर. आमच्याकडे अजून एक घोळ आहे, समुद्र बगळा. तो राखाडी असतो तसा पूर्ण पांढराही असतो. आकाराने लहान बगळ्याएवढा, चोच जाडसर, तपकिरी पिवळट, जराशी वाकलेली. कोकणातल्या कुणी "पिवळ्या चोचीचा बगळा दिसला" म्हणून टाकलं तर आधी उंची विचारा.

दुसरं, पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. काठी पाण्यात घातली की वाकडी दिसते, तोच प्रकार. मग बगळ्याचा नेम कसा लागतो? समुद्र बगळ्यांवर इस्राएलमध्ये प्रयोग झाले आहेत. मासा खोल असेल आणि डोळ्याचा कोन बदलला तर पक्षी किती खाली मारायचं याचा हिशेब आपोआप बदलतो असं त्यात दिसलं. आमच्या पाणथळीतल्या मोठ्या बगळ्याला मारण्याआधी डोकं किंचित एका बाजूला कलताना मी नेहमी बघतो. त्या एका क्षणासाठी मी तासन्‌तास उभा राहायला तयार असतो.

अण्णा_बार्शीकर

आमच्याकडे नांगरट चालू झाली की ट्रॅक्टरमागे मोठे बगळे येतात, किडे खायला. म्हणजे हा फक्त पाण्यातला पक्षी नव्हे.

चकोर_सोलापूर

अण्णा, ट्रॅक्टरमागचे गायबगळे. मान आखूड, चोच आखूड, पावसाळ्यात डोक्यावर नि मानेवर केशरी रंग.

अण्णा_बार्शीकर

गायबगळा मला कळतो हो, जन्म गेला रानात. त्यांच्यात अधूनमधून एक उंच असतो, त्याचं म्हणतोय. तो ट्रॅक्टरच्या मागे पळत नाही, बांधावर उभा राहतो आणि उंदीर उचलतो.

सॅन_होजेकर

अण्णांचं पटतंय. इकडे कॅलिफोर्नियात मोठा बगळा सुक्या गवताच्या माळावर, अगदी रस्त्याकडेच्या हिरवळीवर उभा दिसतो. इथे गोफर नावाचा उंदरासारखा, बिळं करणारा प्राणी असतो. बिळाच्या तोंडाशी माती हलली की हा तिथे मान वाकडी करून थांबतो. गोफर गिळताना बघणं मात्र जेवणाआधी नको.

रानवाटा

हो, मासा हे मुख्य अन्न, पण बेडूक, टोळ, उंदीर, लहान साप, मिळेल ते घेतो. बांधावरच्या उंच बगळ्यात मध्यम बगळेही बरेच असतात, तेव्हा अण्णा, तिथेही जबड्याची रेघ!

तुषार_भू

वर्गीकरणाची एक गंमत, कुणी लिहिली नाही म्हणून. पांढरे ते सगळे सख्खे असं आपण धरून चालतो. पण मोठा बगळा हा लहान बगळ्यापेक्षा राखी बगळ्याच्या आणि जांभळ्या बगळ्याच्या जवळचा. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला 'आर्डिया अल्बा' म्हटलं, मधल्या काळात त्याला इतर गटांत हलवून झालं, आणि आता तो परत राखी बगळ्याच्याच 'आर्डिया'त आहे. उडताना बघितलं तर पटतं: तसेच संथ, जड पंखांचे ठोके, मान मागे दुमडलेली. बहुतेक करकोचे आणि क्रौंच मान सरळ पुढे ताणून उडतात, बगळे कधीच नाही. लांबून ओळखायला हे पुरे.

आणि हा चिखलात राहून एवढा पांढरा कसा? बगळ्यांच्या छातीवर आणि बाजूंना खास मऊ पिसं असतात, ती टोकाकडून झिजत राहतात आणि त्यांची भुकटी होते. ती भुकटी अंगाला चोळायची, माशाचा चिकटा तिच्यात धरला जातो, मग मधल्या बोटाच्या नखाला जे बारीक दाते असतात त्याने विंचरून काढायचं. पाण्यातून बाहेर आल्यावर तो बराच वेळ खाजवतो असं वाटतं ना, ते हे.

जुनी_पानं

माळरानी यांनी पाठीवरच्या झिरमिरीत पिसांचं लिहिलं. त्या पिसांनी या पक्ष्याचा जवळजवळ निर्वंश केला होता, ते इथे यायलाच हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर ही पिसं लावायची लाट आली. तोळ्याचा भाव सोन्याच्या वर. पिसं फक्त विणीच्या काळात येतात, नरालाही आणि मादीलाही, म्हणून शिकारी थेट वसाहतींवर जायचे. आईबाप मारले, पाठीची पिसं सोलली, पिलं घरट्यात उपाशी. फ्लोरिडातल्या वसाहतीच्या वसाहती अशा संपल्या. १८९६ मध्ये बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून पिसं न वापरण्याबद्दल गळ घालायला सुरुवात केली, त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी ही पक्षीरक्षण संस्था उभी राहिली. १९०५ मध्ये गाय ब्रॅडली नावाचा पहारेकरी फ्लोरिडात या वसाहती राखताना गोळीने मारला गेला. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ऑडुबॉन सोसायटीच्या बोधचिन्हावर उडता मोठा बगळा आहे.

आपल्याकडेही हा धंदा होता. १९०२ मध्ये इथल्या ब्रिटिश सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, तरी चोरटा माल जात राहिला. सिंधमध्ये तर पिसांसाठी बगळे पाळायचे, मुख्यतः लहान बगळे. टोप्यांची फॅशन गेली आणि पक्षी वाचला. आपण ज्याला "बगळाच आहे" म्हणतो तो रोज दिसतो, कारण कुणीतरी त्याच्यासाठी भांडलं.

शर्वरी_क

अंगावर काटा आला वाचून.

केतकी_ख्राइस्टचर्च

न्यूझीलंडहून. इथे याच पक्ष्याला कोतुकू म्हणतात आणि तो इतका दुर्मीळ की दिसला तर लोक घरी फोन करून सांगतात. दोन डॉलरच्या नाण्यावर तोच आहे. इथली उपजात आणि आपल्याकडची उपजात एकच, म्हणजे अगदी तुमच्या तलावावरचाच बगळा!

अख्ख्या देशात तो घरटी बांधतो ती एकच जागा, दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओकारितोजवळ, वाइतांगिरोतो ओढ्यावरच्या झाडांत. इथेही पिसांसाठी मारला गेला, १९४१ मध्ये फक्त ४ घरटी उरली होती. आता शेदोनशेच्या आसपास पक्षी आहेत. विणीच्या काळात ठराविक लोकांनाच सोबतीने नेतात, समोरच्या काठावरच्या आडोशातून बघायचं, बोलायचं नाही. माओरी लोक क्वचित येणाऱ्या मोठ्या पाहुण्याला कोतुकूची उपमा देतात, जन्मात एकदा दिसणारा म्हणून. माझ्या माहेरी पैठणला जायकवाडीच्या काठावर तो म्हशींच्या शेजारी उभा असतो, हे इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खरंच वाटत नाही.

पाणवठा

सगळे विणीच्या पिसांपर्यंत आलात, आता घरट्यातही डोकावूया. तिथलं चित्र गोड नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात यांची घरट्यांची वसाहत, म्हणजे सारंगागार, बसते. सहसा एकट्याची नाही, पाणकावळे, रातबगळे, गायबगळे, कुठे चित्रबलाक करकोचे, सगळे एकाच झाडावर किंवा शेजारच्या झाडांवर. नर जागा धरतो, मान आभाळाकडे ताणून पाठीची पिसं पंख्यासारखी उघडतो. जोडी जमली की काड्या तो आणतो, रचते ती. काड्यांचा विरळ माचा, खालून बघितलं तर कधी कधी अंडी दिसतात. ३ ते ४ अंडी, फिकट निळसर हिरवी. दोघं आळीपाळीने उबवतात, साडेतीन आठवड्यांच्या आसपास.

पहिलं अंडं पडलं की उबवणं सुरू, म्हणून पिलं एकदम निघत नाहीत, दिवसा दोन दिवसांच्या अंतराने निघतात. शेवटचं पिल्लू जन्मतःच मागे. मोठी भावंडं त्याला डोक्यावर टोचतात, घरट्याच्या काठाकडे रेटतात, आणि पुष्कळदा ते मरतं. आईबाप शेजारी उभे असतात, मध्ये पडत नाहीत.

हे का, यावर डग्लस मॉक या जीवशास्त्रज्ञांनी टेक्सासमध्ये काम केलं, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठा बगळा पिलांना लहान मासे भरवतो. थोरलं पिल्लू ते थेट आईच्या चोचीतून पळवू शकतं, म्हणजे हाणामारीत फायदा आहे. तिथलाच मोठा निळा बगळा मोठे मासे आणतो, ते घरट्यात पडतात, सगळे मिळून तोडतात, भांडून उपयोग नाही. मॉक यांनी पिलांची अदलाबदल केली. निळ्या बगळ्याची पिलं मोठ्या बगळ्याच्या घरट्यात, लहान माशांवर वाढली, आणि तीही भावंडांना मारायला लागली. उलट मोठ्या बगळ्याची पिलं निळ्याकडे गेली तरी भांडतच राहिली.

पहिल्यांदा बघाल तेव्हा फार वाईट वाटतं. तरी बघा. मासे भरपूर असलेल्या वर्षी तिसरं पिल्लूही उडतं, दुष्काळात एखादंच. तलावाची तब्येत झाडावर मोजता येते.

पंकज_वि

हे सगळं वाचायला छान. आमच्या घरासमोरच्या चिंचेवर अशी वसाहत आहे, तिथे येऊन राहा म्हणजे कळेल. विष्ठेचा वास, सडलेले मासे अंगणात, गाडीवर पांढरा थर, मेलेली पिलं. घरात म्हाताऱ्या आईला दमा. फांद्या छाटा म्हणून अर्ज दिलाय, त्यात माझं काय चुकलं?

पाणवठा

पंकज, त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण आत्ता छाटणी म्हणजे अंड्यापिलांसकट पाडणं. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी वसाहतीचं झाड असंच पाडलं, पाणकावळ्यांची आणि बगळ्यांची पिलं रस्त्यावर पडून मेली, गुन्हे दाखल झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटी आणि अंडीही येतात.

माळरानी

मधे शेतीच्या कामात अडकलो, उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. रानवाटा यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळचं ऊन पाठीशी घेऊन दुर्बिणीतून बघितलं. रेघ डोळ्याच्या स्पष्ट मागे जाते. बोटं काळी. पारावरच्या दोन्ही तटांना नेऊन दाखवलं, आता वाद नाही. चोचीच्या बुडाशी पिवळा रंग परत दिसायला लागलाय, म्हणजे कुठेतरी पिलं असणार. पक्षी सकाळी मासे घेऊन नेहमी पूर्वेकडेच उडतो, भादलवाडीच्या बाजूला.

भीमाकाठ

भादलवाडी तलावावरच्या बाभळींत चित्रबलाक असतात, त्यांच्यात हे बगळेही बघितलेत. तिथंच असंल.

सावली_५

पंकज, आमच्या गावात वडावर हीच अडचण होती. छाटणी टळली ती अशी: झाडाखाली हिरवी शेडनेट आडवी ताणली, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, त्यामुळे घाण आणि पडलेले मासे अंगणात येत नाहीत. आठवड्याला उतरवून धुवायची, ते पाणी बागेला. पडलेलं पिल्लू जिवंत असलं तर शेडनेटवर अडकतं, जमिनीवर आपटत नाही. फक्त नायलॉनची मासेमारीची जाळी वापरू नका, तिच्यात पाय अडकून पक्षी मरतात. गाड्या तेवढे चार महिने दुसरीकडे. पिलं दीड महिन्यात उडायला लागतात, दिवाळीनंतर झाड मोकळं होतं, तेव्हा परवानगी काढून घरावर आलेल्या तेवढ्याच फांद्या काढा, शेंडा ठेवा.

पंकज_वि

शेडनेटचं कुणी सुचवलं नव्हतं. चार बांबू आहेत घरी. झाडाच्या खोडाला बांधली तर चालेल का, की वेगळे खांब लागतील?

सावली_५

वेगळे खांब. खोडाला दोर बांधला की पाणकावळे बिचकतात, अंडी सोडून उठतात. दुपारी बांधू नका, पक्षी उठले तर उन्हात अंडी तापतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, दोघातिघांनी, गडबड न करता. आणि आईंना तेवढे दिवस मागच्या खोलीत झोपायला सांगा.